भूकंपानंतरची शाळा
(हिवरे बाजार येथे भरलेल्या शिक्षक मेळाव्यातील भाषण)



भूकंपाच्या विषयावर बोलण्यासाठी हे गाव कशाला, असे काहींनी मला विचारले. या गावाला दुष्काळाने पाडले होते, हे खरे. १९७२ नंतर येथील माणसे पोटासाठी बाहेर गेली आणि मागे दारू व भांडणे राहिली. १९८९ साली पोपटराव पवार यांच्याकडे गावाने कारभार सोपविला. पुढे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. सरकारी योजना इतर गावांनाही मिळाल्या. येथे त्या ग्रामसभेच्या हातात राहिल्या. मुसलमानांचे एकच घर असलेल्या या गावाने त्या घरासाठी मशीद बांधली, हे आपण जाणताच. पडलेले गाव कोणी उभे करावयाचे, हा प्रश्न भूकंपातही तोच असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेकांचा जीव त्यांच्याच घराने घेतला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवद आणि त्यावर दर काही वर्षांनी चढविलेला पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते छप्पर झोपलेल्या कुटुंबावर आले. वेळ पहाटेची होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. गुजरातचा भूकंप २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी झाला, तेव्हा अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुले अरुंद गल्लीत सापडली.

किल्लारीनंतर मदत कमी पडली नाही. सरकार, जागतिक बँक, देशोदेशीच्या संस्था धावून आल्या आणि बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. सरळ रुंद रस्ते आणि आखलेले प्लॉट आले, पण जुन्या गल्लीतला शेजार पांगला. ज्या गावांत घरे आहेत त्या जागीच दुरुस्त करावयाची होती, तेथे 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केले. भिंतीच्या आरपार जाणारा दगड कोठे घालायचा, चौकटीच्या वर सलग पट्टा का हवा, छपरावरची माती किती उतरवायची, हे त्या घरोघर सांगू लागल्या. मला त्या कामाची किंमत नव्या वसाहतींपेक्षा अधिक वाटते. तेथे घरमालकाला आपले घर कळले.

आता मुलांचे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. हे थोर काम आहे. ज्याचे छत्र गेले त्या यतीम मुलाला वसतिगृहाचा आधार लागतो. परंतु प्रत्येक मूल गावाबाहेर नेता येत नाही आणि नेऊही नये. मागे राहिलेल्या मुलाला पत्र्याच्या शेडमध्ये का होईना, ओळखीचे गुरुजी, ओळखीची हजेरी आणि ठरलेल्या वेळची घंटा लवकर मिळाली पाहिजे. मूल शाळेत बसले की आईला ढिगारा उपसायला, रेशनच्या रांगेत उभे राहायला चार तास मिळतात. म्हणून आपण मदतीला गेलो तर चादरींच्या ट्रकबरोबर दोन-चार शिक्षक महिनाभरासाठी पाठवावेत. चादरी सगळेच पाठवितात. आणि गेलेल्या शिक्षकाने तेथील गुरुजींना बाजूला सारू नये. त्यांच्याही घरात कदाचित माणूस गेलेले असते.

पैशाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. जकात हक्कदार माणसाच्या हाती पोचली पाहिजे, इमारतीला ती लावू नये, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. तेव्हा यतीमाची फी, पुस्तके, कपडे जकातीतून द्यावीत. शाळेची खोली बांधण्यासाठी देणगीचा वेगळा फंड असावा, आणि त्या खोलीत सर्व जातिधर्मांची मुले बसतील हे देणाऱ्याला आधीच सांगावे. दोन्हींचा हिशेब एका वहीत मिसळू नये.

शेवटी आपल्या घरचे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या आणि १९९३ च्या अनुभवानंतर महाराष्ट्रात भूकंप होत नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. ज्या शाळा जुन्या दगडी वाड्यांत भरतात, त्यांच्या भिंतींना फुगवटा आला आहे काय, कोपरे सुटले आहेत काय, छपरावर किती ओझे आहे, हे मे महिन्याच्या सुट्टीत जाणत्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. वर्गाची दारे बाहेर उघडतील अशी करावीत. आणि एक लहानसे काम: जनरल रजिस्टर. जन्मतारीख, वडिलांचे नाव, दाखल्याची तारीख हे सारे त्यात असते. घर कोसळून कागद गाडले गेले तर मूल कोणाचे आणि वारस कोण, याचा तोच पुरावा उरतो. अलीकडची नोंद संगणकावर असते. जुनी रजिस्टरे मात्र त्याच इमारतीच्या कपाटात पडून आहेत. त्यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या शाळेत ठेवावी. झेरॉक्सचा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात धरावा, अशी पदाधिकाऱ्यांना विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.