परदेशी समाजसेवक आणि गावातील अपंग पुनर्वसन
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



अपंग व्यक्तीचे पुनर्वसन रुग्णालयात संपत नाही. ते तिच्या घरात, शाळेत, गावात व्हावे लागते. यालाच समाजाधिष्ठित पुनर्वसन म्हणतात. मग गावाने करावयाच्या या कार्यात परदेशी समाजसेवकाचे काम ते कोणते?

मेक्सिकोतील अहोया या डोंगराळ खेड्याचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. अमेरिकेचे डेव्हिड वर्नर १९६० च्या दशकात त्या भागात गेले. ते डॉक्टर नव्हेत, जीवशास्त्राचे शिक्षक. हळूहळू गावकऱ्यांतूनच आरोग्यसेवक तयार झाले आणि १९८१ मध्ये त्यांपैकी अपंग सेवकांनी 'प्रोहिमो' हे पुनर्वसन केंद्र उभारले. चाकाच्या खुर्च्या, कॅलिपर, कृत्रिम पाय तेथेच घडू लागले, आणि घडविणारे हात बहुतांशी स्वतः अपंगांचे! तेथील क्रीडांगणही गावच्या मुलांनीच बांधू लागले. मग अपंग आणि धडधाकट मुले त्यावर एकत्र खेळू लागली. सहानुभूतीची दहा व्याख्याने जे साधणार नाहीत, ते एका झोक्याने साधले असावे.

वर्नर स्वतः स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक व्याधीने ग्रस्त. लहानपणी तज्ज्ञांनी दिलेल्या साधनांनी त्यांना त्रासच झाला. पुढे प्रोहिमोतील एका पोलिओग्रस्त कारागिराने त्यांना विचारून, पुनःपुन्हा फेरफार करून प्लास्टिकचे हलके कॅलिपर बनविले. ते उपयोगी पडले. मदत करावयास आलेला पाहुणा येथे मदत घेणारा झाला, आणि त्याचा त्यांना संकोच वाटला नाही.

परदेशी साहाय्याबरोबर बहुधा मुदत येते, अहवाल येतो, छायाचित्रेही येतात. प्रकल्प संपतो, मुलाची खुर्ची मात्र त्यानंतर मोडते. ती दुरुस्त करणारा गावात नसेल, तर पाहुण्याच्या सद्हेतूचा त्या मुलास काय उपयोग? म्हणून परदेशी तज्ज्ञाचे स्वागत करताना आपण त्यास दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्यामागे हे काम कोण करील, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत अपंग व्यक्ती किती असतील?

वर्नर यांनी १९८७ मध्ये खेड्यातील अपंग मुलांविषयी चित्रमय ग्रंथ प्रसिद्ध केला. नफा न घेता वाटावयाचा असल्यास त्यातील मजकूर स्थानिक गरजेप्रमाणे बदलून छापण्याची मुभा त्यातच दिलेली आहे. आपल्या न्यासाच्या ग्रंथालयात तो यावा, एवढी विश्वस्तांना विनंती आहे.