ऑइल सील बदलण्याआधी शाफ्टवर नख फिरवा
(पूर्णा येथील बैठकीतील भाषण)



ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला की आपण वरून तेल ओततो आणि हंगाम काढतो. आपल्याकडं जुने एचएमटी, मॅसी, महिंद्रा अजून राबतात. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं केंद्र सरकारनं 2016 साली ठरवलं. म्हणजे ही यंत्रं आता आपणच जपायची.

गळती कुठली, ते आधी बघा. इंजिन आणि क्लचच्या सांध्यातून इंजिन ऑइल गळत असेल, तर बहुधा क्रँकचा मागचा सील गेलेला असतो. तेल क्लच प्लेटवर जातं, ओझ्याखाली क्लच घसरतो. पण मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर ट्रॉली जोडूच नका. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक कोरडे. लायनिंगला तेल लागलं की ते धरत नाही. एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. मागं उसानं भरलेली ट्रॉली अन् पुढं उतार असला, तर पोराच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्यानं विचार करावा. तेल प्यालेली लायनिंग पेट्रोलनं धुऊन भागत नाही, ती बदला.

आता सील. रबराची बारीक कड शाफ्टला टेकते, आतली स्प्रिंग तिला दाबून धरते. काळा चिखल, सुतळी, उसाचं पाचट तिथं गुंडाळलं की कड खाल्ली जाते, शाफ्टवरही गोल चरा पडतो. चऱ्यात नख अडकलं, तर नवा सीलही लवकरच गळेल. स्लीव्ह बसवा, किंवा जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर सरकवून बसवा. बेअरिंग ढिलं आहे का बघा. अन् ब्रीदर! हवा जायचं ते भोक बुजलं, तर गरम तेलाचा दाब सीलमधूनच वाट काढतो. साफ करायला फक्त तार आणि डिझेल लागतं. तरी मिस्त्री विसरतात.

जुन्या सीलवरचे आकडे वाचा: 50-72-10 म्हणजे शाफ्टची जाडी, बाहेरचा व्यास, रुंदी. स्प्रिंगची बाजू तेलाकडं. कडेला तेल लावा, सपाट ठोकळ्यानं चौफेर सारखा बसवा. थेट हातोडी नको. चाक काढताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली ओंडके द्या.

सीलपेक्षा मजुरीच जास्त लागते, म्हणून बिल सुटं मागा आणि जुना सील हातात घ्या. कड एकाच अंगानं झिजली असेल, तर बेअरिंग किंवा शाफ्ट तपासल्याशिवाय चाक परत बसवू देऊ नका.