अर्ध्या तिकिटाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात "काटकसरीवर चार शब्द बोला" म्हणून गळ घातली, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. काटकसरीवर या सभेत पुष्कळ बोलून झाले आहे. भाजीच्या देठांच्या चटणीपासून जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांपर्यंत काही उरलेले नाही. मग मनात आले, घरात आपण पै पै वाचवतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मात्र तिकिटाचे सांगतील तेवढे पैसे देऊन मोकळ्या होतो. तेव्हा आज बोलायचे ते प्रवासाच्या तिकिटांवर, सवलतींवर आणि पासांवर. या बाबतीत मी एकदा तुमच्यातल्याच अकरा जणींना खड्ड्यात घातले आहे. तेवढ्यावरून तरी मला बोलण्याचा अधिकार आहे असे समजा.

ती गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे मन हलके होईल. काही वर्षांपूर्वी आपल्या हळदीकुंकवाला एका कंपनीचा माणूस आला होता. चांगला गोड बोलणारा. त्याच्याजवळ एक सोनेरी कार्ड होते. वर्षाला ९९९ रुपये भरा आणि सिनेमा, उपाहारगृहे, पाण्याच्या खेळांची उद्याने, सगळीकडे सवलत मिळवा, असे त्याचे म्हणणे. मी पहिली पुढे झाले. माझ्याकडे बघून अकरा जणींनी घेतले. त्या वर्षभरात मी ते कार्ड एकदाच वापरले, आणि बिलातले तीस रुपये कमी झाले. बाकीच्या जणींचे तेवढेही झाले नाहीत. तो माणूस लबाड होता असे मी म्हणणार नाही. कागदावर लिहिलेले सगळे खरेच होते. फक्त शनिवार-रविवारी ते कार्ड चालत नव्हते, आणि ज्या ठिकाणी चालत होते तिथे आपल्यापैकी कोणी कधी गेलेली नव्हती आणि पुढेही जाणार नव्हती. सवलत मिळते म्हणून जायचे, की जायचे आहे म्हणून सवलत शोधायची, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. कमलताईंसारख्या (नाव बदलले आहे, त्या समोरच बसल्या आहेत) भगिनीने घरी न सांगता ते पैसे दिले होते, हे मला मागाहून कळले. ते मला अजून लागते.

आमच्या शेजारच्यांची मुलगी अमेरिकेत कोलोरॅडोला असते. ती मागे आली होती तेव्हा तिला ही हकिकत सांगितली. ती हसायला लागली. म्हणाली, काकू, आमच्याकडेही हेच. तिकडे डोंगरावर बर्फ पडते, त्या बर्फावरून पायाला पट्ट्या बांधून घसरत खाली यायचे. वर नेण्यासाठी तारेवरचे पाळणे असतात. त्या पाळण्याचे एका दिवसाचे तिकीट ऐन हंगामात खिडकीवर घ्यायला जावे तर डोळे पांढरे होतात. म्हणून कंपन्या वसंतातच पुढच्या हिवाळ्याचा पास विकायला काढतात. जसजसा हिवाळा जवळ येतो तसतशी त्याची किंमत वाढत जाते, आणि हिवाळा लागला की विक्री बंद. बर्फ पडो न पडो, कंपनीच्या हातात पैसा आधी येतो. जो दहा दिवस जाईल तो तरतो. तिने पहिल्या वर्षी उत्साहाने पास घेतला, बाळंतपण आले आणि ती एकदाही वर गेली नाही. सोनेरी कार्ड पुण्याचे असो की अमेरिकेचे, बाईचे वर्ष कसे जाणार हे कार्ड विकणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

आता कामाचे बोलते. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. त्याच एसटीत १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट झाले. याला महिला सन्मान योजना म्हणतात. साधी गाडी असो की वातानुकूलित, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना ती लागू आहे. ती सुरू झाली तेव्हा कार्ड काढायचे नव्हते, अर्ज करायचा नव्हता, कोणाला काही भरायचे नव्हते. माझ्या मते खरी सवलत ती हीच. मात्र महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. बेळगावला निघालात तर हद्दीपलीकडचे तिकीट पूर्ण पडते. आणि शहरातल्या बसला ती नाही. पीएमपीएमएलच्या बसमध्ये अर्धे तिकीट मागून मी स्वतः एकदा हसे करून घेतले आहे.

माझे माहेर भोरच्या पुढे. स्वारगेटहून भोर, आणि तिथून दुसरी गाडी. २०२३ च्या आधी जाऊन येऊन मला दोनशे रुपये लागत. दोनशे म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. पण भगिनींनो, दोनशे मला मागावे लागत. आमचे हे स्वभावाने चांगले आहेत, त्यांनी कधी नाही म्हटले नाही. तरी मागताना "आता कशाला, दिवाळीला जाणारच आहेस ना" एवढे वाक्य यायचेच, आणि मग मीच म्हणायची की राहू दे. वर्षाला दोन खेपा होत, एक दिवाळीची आणि एक गावच्या जत्रेची. तिकीट अर्धे झाले आणि जाण्यायेण्याचे शंभरात भागू लागले. शंभर रुपये मला कोणाकडे मागावे लागत नाहीत. ते माझ्या भाजीच्या डब्यात असतात. २०२३ च्या उन्हाळ्यापासून मी महिन्याला एकदा जाऊ लागले. सकाळची गाडी, आईला न्हाऊ घालायचे, तिच्या हाताखाली दोन भाकरी थापायच्या आणि दिवेलागणीला परत.

आईचीही एक गंमत आहे. गंमत म्हणावी की काय कोण जाणे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी राज्यात मोफत आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या पुरुषांनाही अर्धे तिकीट आहे. माझी आई तेव्हा शहात्तर-सत्त्याहत्तरची. तिला कोणीतरी हे सांगितले, तर पोरीच्या घरी खर्च नको म्हणून कधी न येणारी माझी आई, "सरकारने बोलावलंय" म्हणून आधार कार्ड पदराला बांधून निघाली. गाडीत कळले की कार्डावरच्या जन्मसालाप्रमाणे तिचे वय बहात्तर भरते! कार्ड काढताना कोणी विचारले, हिने अंदाजाने सांगितले, तसे लिहिले गेले. शाळेचा दाखला तर नाहीच, कारण ती शाळेतच गेली नाही. पुढे २०२३ मध्ये बायकांचे अर्धे तिकीट झाले तेव्हा ती त्या तिकिटावर तीनदा येऊन गेली. पण "मी बहात्तरची नाय गं" हे तिने शेवटपर्यंत सांगितले. तुमच्या घरी सासूबाई, आई असतील तर त्यांच्या कार्डावरची तारीख आजच पाहून ठेवा. दुरुस्ती करता येते, पण जन्मतारखेची दुरुस्ती एकदाच होते आणि पुरावा लागतो. गाडीत बसल्यावर ते पाहण्यात अर्थ नाही.

आई गेल्या कार्तिकात गेली. त्या अडीच वर्षांत मी तिच्याकडे सत्तावीस वेळा गेले. तिकिटे मी एका डबीत ठेवली होती, म्हणून आकडा सांगता येतो.

एकदा भोरच्या गाडीत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आता काय, अर्ध्या तिकिटाच्या बायकांनी गाड्या भरल्यात." सगळ्या बायका खाली बघू लागल्या. मीही बघितले. घरी आल्यावर मात्र मुलाला विचारून घेतले. सवलतीची जी रक्कम असते ती सरकार एसटीला भरून देते. आणि सरकारकडे पैसा येतो तो आपण साबण घेतो, चहापूड घेतो, त्यावरच्या कराचाही. पुन्हा ते गृहस्थ भेटले तर मी खाली बघणार नाही.

एसटीचा आणखी एक पास आहे, "आवडेल तेथे प्रवास". १९८८ पासून चालू आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि वाटेल त्या गावी हिंडायचे. नाव इतके गोड आहे की गेल्या वर्षी आपल्या सहलीच्या वेळी सगळ्याजणी तोच काढू म्हणत होत्या. पण त्याचे दर मोठी माणसे आणि लहान मुले असे दोनच. बाई म्हणून त्यात काही कमी होत नाही. मी वहीत मांडले. साध्या गाडीत सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि २५ जानेवारी २०२५ पासून टप्प्याला १० रुपये ५ पैसे. पुणे ते कोल्हापूर, कोल्हापूर ते पंढरपूर, पंढरपूर ते पुणे, या तिन्ही प्रवासांची अर्धी तिकिटे मिळून साडेपाचशेच्या आत बसली. चार दिवसांचा पास त्याच्या दुपटीहून महाग होता. आरक्षणाचा आकार वेगळा, पण तो किरकोळ. जो पुरुष रोज लांब पल्ल्याच्या गाडीत बसणार असेल त्याने तो पास जरूर काढावा. आपण देवदर्शन करणार, एक मुक्काम करणार, तिथल्या बाजारात दोन तास घालवणार. आपल्याला अर्धे तिकीटच बरे.

शहरातल्या बसचा हिशेब निराळा. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचे दर वाढले. पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, पाच ते दहाला वीस, दहा ते पंधराला तीस. एक दिवसाचा पास चाळीसचा सत्तर झाला आणि महिन्याचा पंधराशे. त्यानंतर पावसाळ्यात सासूबाईंना दवाखान्यात ठेवावे लागले. सकाळी डबा आणि संध्याकाळी डबा, म्हणजे रोज वीस-वीसची चार तिकिटे, ऐंशी रुपये. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, महिन्याचा पास काढून टाक. मला ते सोनेरी कार्ड आठवले. डॉक्टर म्हणत होते आठ दिवस. मी रोज सकाळी सत्तरचा पास घेत गेले. आठाचे दहा झाले, दहाचे अठरा झाले. अठरा दिवसांचे १२६० रुपये झाले. सुटी तिकिटे काढली असती तर १४४० झाले असते, आणि महिन्याच्या पासाला १५००. आणखी चार दिवस राहावे लागले असते तर महिन्याचा पास स्वस्त पडला असता, पण तसे मी कसे इच्छिणार!

नोकरीला जाणाऱ्या मुलींनी हे ध्यानात घ्यावे. रोज वीस रुपयांनी जाऊन वीस रुपयांनी येत असाल तर महिन्याचा पास परवडत नाही, कारण तीस दिवस गेलात तरी बाराशेच होतात. तीस-तीसचे तिकीट असेल तर पंचवीस दिवसांत पैसे फिटतात, आणि दोन बसा बदलाव्या लागत असतील तर त्याच्याही आधी.

मेट्रोबद्दल थोडेच सांगते. २०२३ मध्ये तिचा मार्ग वाढला तेव्हा शनिवार-रविवारी सर्वांना ३० टक्के आणि इतर दिवशी कार्डवाल्यांना १० टक्के सवलत ठेवली गेली. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीखालून मंडई आणि स्वारगेटपर्यंत जाते. त्यामुळे गौरी-गणपतीची खरेदी रविवारी मंडईत करणे सोयीचे झाले. गर्दीचे मात्र बघा.

रेल्वेत अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना पूर्वी अर्धे तिकीट असे. ते मार्च २०२० मध्ये बंद झाले. अजून मिळते अशा समजुतीने कोणी स्टेशनवर जाऊ नये. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बाक देण्याचा नियम मात्र आहे. तिकीट काढताना वय खरे लिहायचे, एवढेच. आपल्यात ते अवघड जाते हे मला ठाऊक आहे.

सोनेरी कार्डाच्या अकरा जणींचे पैसे मी परत करू शकत नाही. पण दर गुरुवारी भजनाच्या आधी अर्धा तास मी मंडळात बसणार आहे. ज्यांना हिशेब मांडून हवा असेल त्यांनी महिन्याभराची तिकिटे टाकून न देता पिशवीत घेऊन यावे. वही आणि पेन्सिल माझी.