मध्यप्रांताची घडण आणि वृत्तपत्रांचे लोकमत : उरला येथील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण

डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली लॉर्ड डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. त्या राज्यात नागपूर, भंडारा, चांदा यांच्याबरोबर रायपूर-बिलासपूरचा सारा छत्तीसगढही होता. १८६१ साली हा मुलूख आणि सागर-नर्मदेचा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण झाला. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी आणि उडिया बोलणारी माणसे एका चीफ कमिशनरच्या अमलाखाली आली. त्यांचे मत कोणी विचारले नव्हते आणि ते विचारण्याची सोयही नव्हती. ते मत बोलून दाखवण्याची जागा पुढच्या साठ-सत्तर वर्षांत वृत्तपत्रांनी निर्माण केली. प्रांत सरकारने आखला. त्या प्रांताचे नागरिकपण मात्र छोट्या, तोट्यात चालणाऱ्या, कधी जप्त होणाऱ्या पत्रांनी घडवले. या परिषदेचा विषय हाच आहे.

हा विषय घेऊन उरला येथे जमलेल्या प्रतिनिधींचे, अध्यक्षांचे आणि श्रोत्यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. रायपूरच्या उत्तरेला बीरगावलगत असलेला उरला आज लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. येथील कामगार वस्त्यांत अनेक प्रांतांचे लोक शेजारी राहतात आणि कामावर एकमेकांची भाषा शिकतात. मराठी माणसाने आपल्या शेजाऱ्याच्या भाषेत पत्रकारिता केली, त्या इतिहासाचा विचार करायला ही जागा योग्य आहे.

छत्तीसगढचा मराठी राज्यकारभाराशी संबंध भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांच्या १७४१ च्या स्वारीपासून सुरू होतो. पुढे बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. १७८७ साली ते वारल्यावर सुभेदारांची राजवट आली. १८१८ नंतर बारा वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांनी भोसल्यांच्या नावे कारभार केला आणि त्याच काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. या साऱ्या काळात दरबारी कागद मोडी मराठीत लिहिले जात होते, तर रयतेचे बोलणे छत्तीसगढीत चालत होते. राज्यकर्त्यांची भाषा आणि लोकांची भाषा यांतले हे अंतर इंग्रजी अमलात आणखी रुंदावले, कारण वरच्या कारभारात आता इंग्रजी आली होती. लोकांचे गाऱ्हाणे सरकारपर्यंत आणि सरकारचा हुकूम लोकांपर्यंत पोहोचवायला मधे कोणीतरी हवे होते.

नवे राज्य तीन वाटांनी गावात पोहोचले. पहिली वाट जमाबंदीची. गावाचा वसूल गोळा करणारा मालगुजार तिच्यामुळे जमिनीचा मालक ठरला आणि रयत त्याचे कूळ झाली. दुसरी वाट कचेरीची आणि शाळेची. नागपूरकडे मराठी आणि छत्तीसगढात हिंदी अशी भाषेची वाटणी तिथे पक्की झाली. तिसरी वाट रेल्वेची. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेला लोहमार्ग बेंगाल-नागपूर रेल्वेने पुढे नेला आणि १८८८ साली रायपूर जोडले गेले. छत्तीसगढचा तांदूळ याच मार्गाने बाहेर जाऊ लागला आणि पुण्या-मुंबईची पत्रे टपालाने आत येऊ लागली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढल्यापासून मराठीत जी परंपरा वाढली होती आणि १८८१ पासून ‘केसरी’ने जिला धार दिली होती, ती या टपालातून मध्यप्रांतातल्या मराठी शिक्षक-वकिलांच्या घरी येत असे.

या वाचकांपैकी काहींना प्रश्न पडला, की मराठी पत्र मराठी घरातच वाचले जाणार असेल तर छत्तीसगढच्या शेतकऱ्याचे, विद्यार्थ्याचे, दुकानदाराचे मत कोण घडवणार? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘छत्तीसगढ मित्र’. माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी मराठी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे झाले. बी. ए. होऊनही त्यांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली आणि पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक म्हणून काम पत्करले. तिथूनच जानेवारी १९०० मध्ये त्यांनी हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांच्याबरोबर होते आणि प्रकाशनाची जबाबदारी रायपूरच्या वामनराव लाखे यांनी उचलली. तिघेही मराठीभाषक होते. पत्र मात्र हिंदीत होते आणि नाव छत्तीसगढचे होते.

ते वर्ष दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या दुष्काळातून मध्यप्रांत सावरला नव्हता, तोच १८९९-१९०० चा दुसरा दुष्काळ कोसळला. अशा वेळी वर्गणीदार मिळवणे किती कठीण होते, याची कल्पना करता येते. तरीही मासिकाने शिक्षण, इतिहास, शास्त्र आणि साहित्य यांवरचे लेख दिले. पुस्तकांचे गुणदोष उघडपणे सांगणारी परीक्षणे छापली आणि हिंदी समीक्षेचा पाया घालण्यास हातभार लावला. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणली जाणारी सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ १९०१ साली याच मासिकात आली. एका गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट आहे. जमाबंदीने मालकांना नवे बळ दिले होते; त्या काळात हा विषय वाचकाला दूरचा नव्हता. थेट राजकीय टीका न करताही मासिक अन्यायाची जाण निर्माण करत होते. १९०२ च्या अखेरीस तोट्यामुळे ते बंद पडले. तीन वर्षांचे हे आयुष्य लहान असले, तरी ‘छत्तीसगढ’ या नावाला छापील सार्वजनिक जीवन त्यानेच दिले.

याच काळात प्रांताचा नकाशा पुन्हा बदलत होता. १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा घेतला आणि १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला. १९०५ साली उडियाभाषक संबळपूर बंगालकडे गेले आणि छोटा नागपूरकडची सरगुजा, उदयपूर, जशपूर, कोरिया व चांगभखार ही संस्थाने मध्यप्रांतात आली. १९०६ साली रायपूर-बिलासपूरचे भाग काढून दुर्ग जिल्हा तयार झाला. त्याच सुमारास बंगालची फाळणी झाली होती. सीमा आखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या फाळणीमुळे देशभर वृत्तपत्रांच्या अग्रभागी आला. सप्र्यांनी नागपूरला जाऊन हिंदी ग्रंथमाला चालवली आणि स्वदेशी व बहिष्कार यांवर पुस्तक लिहिले. सरकारने पुढे ते जप्त केले. १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तले विचार त्यामुळे हिंदी वाचकांपर्यंत पोहोचू लागले.

१९०७ हे वर्ष परिषदा भरवणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी रायपूरला प्रांतिक राजकीय परिषद भरली, तेव्हा ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या प्रश्नावर दादासाहेब खापर्डे आणि डॉ. हरिसिंग गौर यांच्यातला मतभेद उघड झाला. वर्षअखेरीचे काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. अध्यक्ष लोकमान्य टिळक असावेत, असा काँग्रेसमधल्या जहाल, म्हणजे राष्ट्रीय पक्षाचा आग्रह होता आणि मवाळांचा त्याला विरोध होता. हा वाद तिथल्या स्वागत समितीतच एवढा विकोपाला गेला, की अधिवेशन सुरतेला हलवावे लागले. प्रांतातली पत्रे दोन्ही बाजूंनी लिहीत होती. मतभेद छापून येणे आणि वाचकाने बाजू घेणे, हे मध्यप्रांतात रुजू लागल्याची ती खूण होती.

सरकारनेही हे ओळखले होते. १८६७ च्या कायद्याने छापखाने आणि पुस्तके यांची नोंद सक्तीची झाली. १८७० साली दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम आले. १८७८ साली देशी भाषांतील पत्रांसाठी वेगळा कायदा झाला आणि तो पुढे रद्दही झाला. १९०८ आणि १९१० च्या कायद्यांनी छापखाने जप्त करण्याचे आणि जामीन मागण्याचे अधिकार सरकारला दिले. देशी पत्रांतल्या मजकुराचे सारांश इंग्रजीत करून अधिकाऱ्यांपुढे ठेवले जात. त्यामुळे लोकांना प्रतिनिधित्व न देणारे सरकार लोकमत मात्र नियमित वाचत होते. १९०८ मध्ये ‘देशसेवक’ या पत्राचे अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि ऑगस्टमध्ये सप्रे यांनाही अटक झाली. आप्तांच्या दबावामुळे सप्र्यांनी माफीनामा लिहून दिला आणि त्यांची सुटका झाली. त्या गोष्टीचे शल्य त्यांना खोलवर लागले. काही काळ ते रामदासी साधनेत राहिले आणि मग त्यांनी अनुवादाचे मोठे काम हाती घेतले. ‘दासबोध’, लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामण विनायक वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ हिंदीत आला तो त्यांच्यामुळे. दडपशाहीने पत्र बंद पाडता आले. दोन भाषांमधला पूल तोडता आला नाही.

पुढच्या दशकात लोकमताला स्थिर आधार मिळाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाने १९११ साली नागपूरहून इंग्रजी ‘हितवाद’ सुरू केला. १९१४ पासून गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ मराठी वाचकांचे मुखपत्र बनले. त्याच वर्षी मध्यप्रांताला कायदेमंडळ मिळाले आणि तिथल्या चर्चेला वृत्तपत्रांतून वाचक मिळू लागले. सप्र्यांच्या प्रेरणेने जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला आणि माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक झाले. सागरजवळ रतौना येथे मोठा कत्तलखाना उभारण्याच्या योजनेविरुद्ध ‘कर्मवीर’ने आणि उर्दू ‘ताज’ने मोहीम उघडली. हिंदू-मुसलमान वाचक एकत्र आले आणि सरकारला योजना सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी धमतरीजवळच्या कंडेल गावी कालव्याच्या पाण्याच्या दंडाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले हे त्या लढ्याचे पुढारी होते. डिसेंबरात गांधीजी रायपूर-धमतरीला आले. वामनराव लाख्यांनी सरकारने दिलेली पदवी परत केली. पुढे तुरुंगात असताना पंडित शर्मांनी हस्तलिखित पत्रिकाही काढली. छापखाना हाती नसतानाही पत्र काढण्याची गरज वाटावी, इतकी ही सवय तोवर अंगवळणी पडली होती.

१९२० च्या नागपूर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या. सरकारी मध्यप्रांताचे काँग्रेसच्या हिशेबात हिंदी मध्यप्रांत, मराठी मध्यप्रांत आणि वऱ्हाड असे तीन भाग झाले. लोकमताचा नकाशा सरकारी नकाशापासून वेगळा झाल्याची ही स्पष्ट नोंद होय. १९३८ साली डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ पडले आणि पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले, तेव्हा हिंदी आणि मराठी भागांतला वाद नागपूरच्या पत्रांत तीव्रपणे उमटला. त्याच वर्षी महाविदर्भाच्या वेगळ्या प्रांताचा ठराव कायदेमंडळात आला. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगढ मध्यप्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर २००० रोजी तो स्वतंत्र राज्य झाला.

या इतिहासाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पत्रे वाचणारे थोडे होते आणि ती लिहिणारे बहुतांशी उच्चवर्णीय, शिकलेले पुरुष होते. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथाने छत्तीसगढच्या समाजात जी उलथापालथ केली, ती छापील कागदाच्या आधीची आणि कागदाबाहेरची होती. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूरला फाशी गेलेल्या वीर नारायणसिंहांची आठवण लोकांनी तोंडीच जपली. गोंडांचे, स्त्रियांचे आणि भूमिहीनांचे मत त्या काळच्या अंकांत क्वचितच त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सापडते. लोकमताचा इतिहास लिहिताना वृत्तपत्रांबरोबर पंथ, बाजार, जत्रा आणि गाणी यांनाही साधन मानावे लागते.

साधनांचा हा प्रश्न तातडीचा आहे. १९८४ साली भोपाळला सप्र्यांच्या नावाने वृत्तपत्र संग्रहालय उभे राहिले आणि त्यामुळे कितीतरी अंक वाचले. रायपूर, बिलासपूर, धमतरी, राजनांदगाव येथील जुन्या मराठी घरांतही अंक, पावत्या, पत्रव्यवहार आणि मोडी कागद असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांची नोंद व्हावी, मोडी वाचणारे तरुण तयार व्हावेत आणि मराठी-हिंदी अभ्यासकांनी ही साधने एकत्र वाचावीत, अशी स्वागत समितीची या परिषदेकडून अपेक्षा आहे. सप्रे, चिंचोलकर आणि लाखे यांनी आपली मराठी न सोडता शेजाऱ्यांच्या भाषेत लोकमत घडवले. छत्तीसगढातल्या मराठी समाजाचा हा मोठा वारसा आहे आणि त्याचा अभ्यास दोन्ही भाषांत होणे हेच त्याचे खरे जतन आहे.