मावळातली वीज आणि अर्थिंगचा खड्डा

लोणावळ्याला विजेचे नवल नाही. वळवणच्या तलावाचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ सालापासून तिथे वीज काढली जाते. १९२९ साली विजेवरची आगगाडी घाट चढून पुण्याला पोचली. ही झाली माणसाळलेली वीज. आज बोलायचे ते आभाळातल्या विजेविषयी, आणि टॉवरखालची यंत्रे, ग्रामपंचायतीतली इंटरनेटची पेटी, शाळेतले संगणक तिच्यापासून कसे राखावेत याविषयी.

मावळात आषाढ-श्रावणात पाऊस धो धो कोसळतो, पण गडगडाट बेताचाच. वीज कडाडते ती मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात, आणि मग परतीच्या पावसात. आता गंमत पाहा. अर्थिंग म्हणजे विजेला जमिनीत उतरायला दिलेली वाट. ओल्या मातीत ती वाट मोकळी असते. आणि वळवाची वीज येते ती नेमकी जमीन अगदी सुकलेली असताना! त्यातून टेकडीवर हात-दीड हात माती, खाली सगळा कातळ. खड्ड्यात घातलेले मीठ आमच्या पावसात कधीच वाहून गेलेले. ऑगस्टात मोजाल तर तोच खड्डा उत्तम ठरेल. म्हणून मोजणी मे महिन्यात करावी. कातळ लागला तर एकाच खोल खड्ड्याचा हट्ट धरू नये. जस्त चढवलेली लोखंडी पट्टी मातीच्या थरातून इमारतीभोवती कड्यासारखी पुरावी.

दुसरी गोष्ट खास गुरुजींसाठी. संगणकाला स्वतंत्र खड्डा आणि मीटरला वेगळा, म्हणजे अधिक सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहू या. कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरा, खड्ड्याचा रोध १० ओहम. गुणाकार ३ लाख व्होल्ट! रोध १ ओहमवर आणला तरी ३०,००० व्होल्ट उरतातच. त्या क्षणी तिथली जमीनच जणू उचलली जाते. दूरचा खड्डा मात्र खालीच राहतो, आणि दोहोंतला फरक यंत्राच्या पोटातून वाट काढतो. दोन्ही खड्डे जाड पट्टीने जोडले, की सारे बरोबर चढते, बरोबर उतरते. एकाच तारेवर बसलेला कावळा मरत नाही, तो याच कारणाने; वर्गात हे उदाहरण मुलांना चटकन पटते. हे जोडकाम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. सर्ज अरेस्टर बसवाल तोही तारा घरात शिरतात तिथेच, आणि त्याची तार आखूड व सरळ त्याच पट्टीला.

आता केबल काचतंतूची आली. काचेतून वीज जात नाही हे खरे, पण केबलला धातूचे कवच असेल तर तेही त्या पट्टीला जोडायला हवे. पेटीचा प्लग तर भिंतीतल्या विजेवरच असतो ना? ढग दाटू लागले, की तो प्लग आणि तांब्याची टेलिफोन लाइन दोन्ही काढून ठेवावीत. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र कशालाच हात लावू नये.