अठरावं लागण्याआधी



दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर आपण बोलतो ते शाळेपुरतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. पुढे उच्च शिक्षणात 5 टक्के, सरकारी नोकरीत 4 टक्के जागाही आहेत. पण तिथवर पोचायला जे लागतं, ते कोणी शिकवत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. दर रविवारी अंध मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवतो. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने 2006 मध्ये तो सुरू केला. हे सांगितलं की मुलं ताठ बसतात! की-बोर्ड लवकर जमतो. अडतं भलतीकडेच. बारावीतली एक मुलगी सफाईने मराठी टाइप करते, पण दुकानात तिने कधी पैसे दिले नव्हते. "अब्बा देतात." कुठली बस पकडतेस? "भाईजान सोडतो." सही? अंगठा. घरच्यांची माया खरीच, आणि मुलीच्या बाबतीत ती दुप्पट होते. पण तिला अठरावं लागलं होतं.

आम्ही पुठ्ठ्यात सहीएवढी खाच कापली. त्या खाचेत पेन फिरवत ती महिनाभर सही गिरवत होती. मग बँकेत गेलो. "वडिलांना आण, जॉइंट खातं काढू," साहेब म्हणाले. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांतलं काहीही नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच कळवलंय. त्या परिपत्रकाची प्रत तिने पुढे सरकवली. अब्बा बाहेर बाकावर होते. उठू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं. तासभर गेला, पण खातं तिच्या एकटीच्या नावावर निघालं.

बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर वाट वेगळी. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. मात्र प्रत्येकालाच पालक लागतो असं नाही. कपडे, जेवण, काम यांतलं काय तो स्वतः ठरवू शकतो, ते आधी त्यालाच विचारा.

ही तयारी आठवीपासून हवी. येत्या रविवारी आठवीतली दोन मुलं एकटी बसने वर्गाला येणार आहेत. तिकीट तीच काढतील, उतरायचा स्टॉपही तीच विचारतील. मागच्या सीटवर बसायला मला तुमच्यातले दोघं हवेत. फक्त बसायला. कितीही वाटलं तरी हात धरायचा नाही.