टस्कीगीची शिरगणती



आज एका गावाच्या शिरगणतीवर बोलायचं आहे. गाव आपलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात आहे. नाव टस्कीगी. पण ऐका, गोष्ट ओळखीची वाटेल.

१९५० साली या गावची लोकसंख्या ६,७१२. १९६० साली १,७५०. पाच हजार माणसं गेली कुठं? पटकी आली नाही, दुष्काळ पडला नाही. माणसं आपापल्या घरातच होती. गावाची वेसच उचलून अलीकडे आणली होती!

हा सगळा मुलूख कापसाचा, गुलामांच्या घामावर पिकलेला. १८८१ मध्ये इथं काळ्यांसाठी शाळा निघाली. बुकर टी. वॉशिंग्टन तिचे पहिले प्रमुख. शाळेची मोठी संस्था झाली. काळी माणसं शिकली, प्राध्यापक झाली, मतदारयादीत नाव लावण्यासाठी झगडू लागली. गोरे नोंदणी अधिकारी नाना खोड्या काढत. तरी चारशेच्या आसपास नावं लागली. गोऱ्यांच्या पोटात गोळा आला. उद्या हे नगरपालिकेत बसले तर?

म्हणून १९५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला. गावाची चौकोनी हद्द २८ बाजूंची केली. चारपाच सोडून सगळे काळे मतदार बाहेर, ती संस्थाही बाहेर. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. कायद्यात वर्णाचा एक शब्द नव्हता. नुसत्या रेघा! गावकुसाबाहेर जन्मलेल्या आपल्याला या रेघांचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

बहिष्कार आपल्यावर घातला जातो. तिथं बहिष्कृतांनीच तो घातला. गोऱ्यांच्या दुकानातून खरेदी बंद. काही दुकानांना टाळी लागली. प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांचे साथी कोर्टात गेले. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९६१ मध्ये जुनी हद्द परत आली.

म्हणजे संपलं? नाही. ३ जानेवारी १९६६ रोजी सॅमी यंग हा २१ वर्षांचा विद्यार्थी टस्कीगीतल्या पेट्रोलपंपावर गोळी घालून मारला गेला. भांडण गोऱ्यांसाठी राखलेल्या संडासावरून. मारणारा गोरा सुटला, ज्यूरीही सगळी गोरी. कोर्टाने रेघ पुसली, डोक्यातली रेघ तशीच राहिली. तरी लढा थांबला नाही. १९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, टस्कीगीने जॉनी फोर्ड हा पहिला काळा महापौर निवडला.

२०२० च्या गणतीत गावात ९,३९५ माणसं आहेत, बहुसंख्य काळी.

सांगायचं एवढंच. नुसती डोकी मोजून सत्ता येत नाही. हद्द कोण आखतो ते बघावं लागतं. तुमच्या गावात वॉर्डरचनेचा कच्चा नकाशा लागेल तेव्हा तो वाचा. आपली वस्ती कुठं तोडली, कुणाला जोडली ते बघा. मुदतीच्या आत हरकत घ्या. रेघ शाईनेच ओढलेली असते, पोरांनो. ती पुसता येते.

जय भीम!